माजा इस्वास नाय

गुरुवारी दुपारी शेजारच्या खाटेवरच्या मावशीने माझी पिशवी उघडली. आत शाल नव्हती. तिने मला विचारलं, "मास्तर, तू मरायचा इचार केलास काय?"

घडलं एवढंच. माझा डावा हात डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता, उजव्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा होता आणि पिशवी तिच्या मांडीवर होती. मी अडवू शकलो नाही. मला वाटतं, ती मला मशीनला जोडायचीच वाट बघत होती.

दुसऱ्याची पिशवी न विचारता उघडणं ही तिची सवय होती. कोपरखैरण्यातल्या आमच्या केंद्रात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, मंगळवार-गुरुवार-शनिवारची दुपारची जी पाळी असे, तिच्यातल्या सगळ्यांना ही सवय माहीत होती. कोणी चोरून फरसाण आणलंय का, कोणाची पाण्याची बाटली जास्त मोठी आहे का, हे ती बघून घ्यायची. आम्हा मूत्रपिंडाच्या रोग्यांना पाणी मोजून, मीठ नावापुरतं आणि केळी अजिबात नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्या पिशवीत दर आठवड्याला केळी निघायची. "माझ्यासाठी नाहीत हो, नातवासाठी," ते म्हणायचे. "माजा इस्वास नाय," ती म्हणायची आणि केळी खाली वॉचमनकडे पाठवून द्यायची. वॉचमनची तब्येत त्या वर्षी चांगलीच सुधारली.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. भाजीवाल्याची मिरची मोडून बघणारी, रिक्षावाल्याला रस्ता सांगत बसणारी, कुलूप लावून झाल्यावर तीनदा ओढून पाहणारी. ही त्यांच्यापेक्षा एक पायरी वर होती. बोनकोड्याची, मूळ गावातली, जन्मभर मासळी विकलेली. ठेंगणी, हाडापेराने रुंद, डोळे बारीक करून बघणारी. आजाराने अंग उतरलं होतं, पण बघणं उतरलं नव्हतं.

मशीनवर जाण्याआधी आमचं वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये अंगात किती पाणी साठलं ते वजनावरून कळतं आणि तेवढंच मशीनने काढायचं असतं. जास्त काढलं तर पायात गोळे येतात, कमी काढलं तर श्वास लागतो. म्हणजे काटा महत्त्वाचा. ही बाई काट्यावर चढण्याआधी आपल्या पिशवीतून एक लोखंडी किलोचं वजन काढायची, सुकं म्हावरं तोलायचं, आणि ते आधी काट्यावर ठेवायची. काटा एक किलो दाखवायचा. नेहमीच दाखवायचा. त्या काट्याने एकदाही चूक केली नाही.

"मावशी, पटलं ना?" टेक्निशियन मुलगी विचारायची.

"आज बरोबर हाय. उद्याचा उद्या बघू."

मग ते वजन ती पदराने पुसून परत पिशवीत टाकायची. एवढं ओझं ती घरून आणते आणि घरी नेते, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर काही दिवस हसू यायचं बंद झालं. त्याचं कारण ती नव्हती.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिने मला मास्तर का म्हणायला सुरुवात केली ते ठाऊक नाही. खाटेवर पुस्तक घेऊन बसणारा तेवढा मीच होतो, म्हणून असेल. माझे वडील साताऱ्याकडून आलेले. वाशीच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर पाठीवरून पोती वाहिली. आमच्या घरात ओझं हा शब्द रोजचा. कुणाच्या पाठीवर किती बसतं, कुठे उतरवायचं, कोण अर्ध्या वाटेत टेकतो. आजारी पडल्यावर दुसऱ्या वर्षी तो शब्द माझ्या डोक्यात वेगळ्या अर्थाने येऊन बसला. वैशाली, माझी बायको, शाळेच्या ऑफिसातून यायची, माझ्यासाठी बेचव आणि स्वतःसाठी चवीची अशा दोन भाज्या करायची, आणि मी बघत राहायचो. तिची तपासणी झाली होती. तिचं मूत्रपिंड मला चालणार नव्हतं. दुसऱ्या कुणाचं कधी मिळेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. वाचायला घेतलेलं पान संपायचं आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. हळूहळू मी एका निर्णयाला आलो. काय करायचं ठरवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. कुणाच्या कामाची ती माहिती नाही.

त्याच काळात मला मावशीचा संशय येऊ लागला.

अशा केंद्रांच्या जिन्यात माणसं उभी असतात. कोणी मुळ्यांचा काढा विकतो, कोणी एखाद्या बुवाचा पत्ता देतो, कोणी नुसता तुमचा नंबर घेतो आणि पुढचं फोनवर सांगतो. शेजारच्या खाटेवरच्या या बाईने एक दिवस माझा नंबर मागितला. मी म्हटलं, कशाला?

"लागंल तवा लागंल."

मी दिला नाही. पुढच्या वेळी मला न्यायला वैशाली आली होती, तेव्हा ही तिच्याशी बाहेर बाकावर बराच वेळ बोलत होती. घरी येताना मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही. तुम्ही रात्री झोपता का, विचारत होती."

"तिला काय करायचंय?"

"मी पण तेच म्हटलं," वैशाली म्हणाली. "तर म्हणे, सहज इचारते. सहज विचारणाऱ्यातली वाटत नाही हो ती. नंबर मात्र घेऊन गेली माझा."

आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, हिच्यामागे नक्की एखादा बुवा आहे. मी तिच्याकडे पाठ करून झोपू लागलो. ती माझ्या पाठीकडे बघत असणार.

मग तो मंगळवार आला. समोरच्या खाटेवर एक नवा रोगी आला होता, उरणचा, न्हावा-शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. आडव्या अंगाचा माणूस, पण पहिल्याच दिवशी दात वाजत होते. रक्त बाहेर फिरून परत येतं तेव्हा आतून थंडी वाजते, वर एसी. आमच्यापैकी प्रत्येकाकडे म्हणून स्वतःचं पांघरूण असतं, आणि ते कोणी कोणाला देत नाही. माणुसकी नाही असं नव्हे. ते प्रत्येकाला पुन्हा परवा लागणारच असतं. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी माझी शाल त्याला दिली. वडिलांच्या पश्चात आईने मला दिलेली, जाड, करड्या रंगाची. त्याने जाताना परत करायला हात पुढे केला, तेव्हा म्हटलं, ठेवा. तुमच्याकडेच राहू द्या.

त्या दिवशी मला बरं वाटत होतं. टेक्निशियन मुलीचे मी आभार मानले. बँकवाल्यांना नमस्कार केला. शेजारच्या खाटेकडे बघून हसलोसुद्धा. घरी वैशालीला हायसं वाटलं. आज चेहरा खुललाय म्हणाली.

एकटी मावशी तेवढी घाबरली. गुरुवारी तिने पिशवी उघडली.

"केलास काय इचार?" तिने परत विचारलं. आवाज खाली नव्हता, वरही नव्हता. मासळीचा भाव विचारावा तसा.

मी म्हटलं, "मावशी, तुमचं मशीन तयार आहे. जा तिकडे."

"मशीन थांबंल. तू चार तास कुठं जात नायस. बोल."

मी छताकडे बघितलं. तिने स्टूल ओढलं. टेक्निशियन मुलगी दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तिने हाताच्या इशाऱ्यानेच तिला परत पाठवलं. माझ्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे. उजवा हात पट्ट्यात होता, पुसताही येईना. तिने पदराने पुसलं, किलोचं वजन पुसायची तसंच, जोर लावून.

"मना वाटलाच," ती म्हणाली. "बाराही महिने तोंड पाडून बसनारा मानूस शाल वाटतो नि हसतो. माजा इस्वास नाय बसला."

मग तिने तिची गोष्ट सांगितली. डायलिसिस सुरू झालं त्याच्या पहिल्याच वर्षी, तिने आपली मासळीची पाटी जावेला देऊन टाकली होती. तुम्ही गावठाणात राहत नसाल तर सांगतो: कोळीण पाटी देत नाही. उसनी देत नाही, सुनेला हात लावू देत नाही. बाजारातली बसायची जागा आणि पाटी म्हणजे ती बाई.

"मी पाटी देली. जाव खूश. घेऊन गेली. घरात येवरी मानसा, कोनी इचारला नाय, पाटी देतेस तर उद्या तू काय करनार? पोरगा बोलला, बरा झाला, आता आराम कर." तिने नाक मुरडलं. "आराम."

"मग?"

"मंग काय. संध्याकाली जाव परत आयली. बोलते, पाटी देलीस, बाजारातली जागा कुठं देलीस? जागा पन दे. मी बोलले, जागा माज्या सासूची, तुना कशी देऊ? अशी जुंपली. गल्ली गोला झाली. तिनं माज्या बापाचा काढला, मी तिच्या भावाचा काढला. तोंड दुखला तवा ती घरी गेली. बोलली, सकाली येते, तयार रा."

"आणि?"

"भांडान अर्धा ठेवून कशी मरनार? ती बोलली असती, जिकले." तिला हसू आलं, मग गेलं. "सकाली ती आयली. मी तिला सगला खरा सांगला. ती खालीच बसली. मंग दोगी डाक्टरकडे गेलो. पाटी तिनं परत आनून देली. जागा नाय देली मी."

मी म्हटलं, "मावशी, तुमचं वेगळं. मी घरच्यांना ओझं झालोय."

"वयनी बोलली तसा?"

"ती कशी बोलेल?"

"तू इचारलास?"

"नाही."

"मंग कोन बोलला?"

मी मशीनच्या आकड्यांकडे बघू लागलो.

"तुजा तूच बोललास," ती म्हणाली. "आनी तुजा तूच ऐकलास. मास्तर, तू माज्यावर संशय घेतस, मना ठावं हाय. घे. पन सोताच्या मनावर पन घे की थोरा. तो काय सांगतो ते सगला खरा? कधी तोलून बघितलास?"

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मात्र इतकंच वाटलं की हे गुपित आता दोघांत आहे, आणि ते राहील. मी तसं म्हणालोही, कुणाला सांगू नका.

"सांगनार," ती म्हणाली. "वयनीला सांगनार, डाक्टरला सांगनार. तुज्यावर सोडू? माजा इस्वास नाय."

मशीनवर जाण्याआधी तिने दोन्ही कामं केली. वैशाली शाळेतून तशीच निघून आली. खाटेच्या कडेला बसली आणि माझ्या पायांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "परवा मला वाटलं तुम्ही बरे झालात." मग मी तिला विचारलं, जे विचारायचं होतं ते. तिने दिलेलं उत्तर तिचं आणि माझं आहे. माझा अंदाज चुकला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी एका मनोविकारतज्ज्ञाशी फोनवर बोलून वेळ ठरवली. असा आजार लांबला की मनही आजारी पडतं, त्यावर औषध आहे, बोलणं आहे, असं ते मला समजावत होते. शेजारच्या खाटेवरून ती लक्ष देऊन ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "वयनी, गोली तोंडात टाकली की जीब वर करून बघा. मास्तरवर इस्वास ठेवू नका." घरातल्या काही गोष्टी वैशालीने आपल्या ताब्यात घेतल्या. काही दिवस मला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. मला राग आला. तो येऊ दिला त्यांनी.

शालीचं राहिलं. शनिवारी मी वजन करून आत आलो तर मावशी ट्रेलरवाल्याच्या खाटेशी उभी. तो माझी शाल गुंडाळून बसला होता.

"काढ," ती म्हणाली.

"अवो, त्यांनीच दिली मना."

"देली तवा तो शुद्धीत नव्हता. काढ. यी घे, माजी गोधरी. ऊब जास्ती हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, दिलेली वस्तू परत घेतात का?"

"मेलेला घेत नाय," ती म्हणाली. "तू जिता हायस. घे."

मी घेतली. शालीला मासळीचा वास लागला होता, कारण माझ्या हातात देण्याआधी मावशीने ती आपल्या पिशवीत कोंबली होती. तो वास बरेच दिवस गेला नाही.

यानंतर मी झटकन बरा झालो असं वाटत असेल तर तसं नाही. औषध बदलावं लागलं. मधे एकदा घसरलोही. त्या वेळी मी स्वतः वैशालीला उठवून सांगितलं, एवढाच फरक. मशीन सुटलं नाही, दोन भाज्या सुटल्या नाहीत. पण जे दिवस मशीनचे नसत, त्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"दुधी."

"वयनीला दे फोन."

वैशाली सांगायची, हो मावशी, दुधी. मग ती विचारायची, किती खाल्ला, टाकला किती. एकदा मी खरंच जेवलो नव्हतो आणि पडवळ म्हणून सांगितलं. तिने पलीकडून विचारलं, पडवळात डाळ कुठली होती? मी मुगाची म्हटलं, वैशालीने फोनवर चण्याची म्हटलं. पुढचं सगळं मला ताट वाढेपर्यंत ऐकावं लागलं.

एका रविवारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. चारी बाजूंनी इमारती वर गेल्या आहेत आणि मध्ये तिचं घर, ओटा, तुळस. गच्चीवर सुनेने बोंबील वाळत घातले होते. ती आम्हाला वर घेऊन गेली आणि वाळवणाजवळ उकिडवी बसून तिने लांब श्वास घेतला. मीठ लावलेलं सुकं म्हावरं तिला वर्ज्य होतं, घासभरसुद्धा.

"वास घेवाला डाक्टर नाय बोलला नाय," ती म्हणाली.

"विचारलंत?"

"इचारला नाय. इचारला तर नाय बोलंल."

डोळे मिटून ती बसली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला कशाचीही तपासणी न करता बसलेलं पाहिलं. मग एक डोळा उघडून तिने सुनेला हाक मारली आणि बोंबील मोजायला सांगितले. मांजर फिरत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत पुस्तकं वाचू लागलो. वाचलेलं आठवू लागलं. मी तिला तसं सांगितलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली. "बरा दिसतस," म्हणाली. "माजा इस्वास नाय." आणि माझी पिशवी ओढून आत शाल आहे का ते बघितलं.

गेल्या दिवाळीनंतर एका शनिवारी ती आली नाही.

आमच्या केंद्रात एक रीत आहे. कोणी आलं नाही तर विचारायचं नाही. खाटेवर धुतलेली चादर घातली जाते, आपण पुस्तक उघडायचं किंवा डोळे मिटायचे. दोन-तीन दिवसांनी कोणी तरी हळू आवाजात सांगतं. त्या दिवशीही सगळे खाली बघत होते. मी खाटेवर बसून मोठ्याने विचारलं, "मावशी कुठे आहेत?" टेक्निशियन मुलीने माझ्या हाताकडे बघत सांगितलं, "सकाळी वारल्या, सर. घरीच. चहा घेताना." हृदय थांबलं होतं. अशा आजारात ते थांबतं.

मशीन संपल्यावर मी बोनकोड्याला गेलो. ओट्यावर तिची जाऊ बसली होती. मी ओळख सांगितली, तर म्हणाली, "तू मास्तर काय? तुजा लय सांगायची." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "जागा नाय देली मना. शेवटपरंत नाय देली."

लोखंडी वजन मावशी आदल्या गुरुवारी केंद्रातच विसरली होती, की उचलवत नाही म्हणून ठेवून गेली होती, कळलं नाही. तिचा मुलगा म्हणाला, राहू दे तिथे. त्यानंतरच्या मंगळवारी ट्रेलरवाल्याने काट्यावर चढण्याआधी ते काट्यावर ठेवलं. बँकवाल्यांनीही ठेवलं. मग मी. काट्याने एक किलो दाखवला.

चांगल्या दिवसांवर माझा अजून पुरता विश्वास नाही. वाईट दिवशी मन जे सांगतं त्यावरही आता नाही, आणि तसा दिवस आला की मी वैशालीला सांगतो.

वजन काट्याशेजारी आहे. शाल माझ्या पिशवीत आहे. शेजारच्या खाटेवर आता एक नव्या बाई येतात, अजून कुणाशी बोलत नाहीत. मी त्यांची पिशवी उघडत नाही. मला ते जमत नाही. पांघरूण आणलंत का, असं मी परवा त्यांना विचारलं. आणलंय म्हणाल्या. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी दाखवलं.